साहेबांना थंडी वाजू नये म्हणून

माझं काम काय आहे हे पुण्यातल्या नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. अख्ख्या गावाला ऊब पुरवायची योजना आखते, असं म्हटलं की समोरचा माणूस पंखा वाढवत माझ्याकडे संशयाने बघतो. एका मामांनी "म्हणजे गीझर?" असं विचारून विषयच मिटवला होता. तेव्हापासून मी इंजिनिअर आहे एवढंच सांगते आणि पुढचा आमरस वाढून घेते.

आम्ही राहतो ते शिकागोपासून काही तासांवरचं, तळ्याकाठचं जुनं शहर आहे. त्याच्या जुन्या भागात रस्त्यांखालून वाफेचे पाईप गेले आहेत. नळाला पाणी येतं तशी तिथल्या घरांना ऊब येते. एका टोकाला गॅस जाळून वाफ करायची, ती पाईपांतून इमारतींच्या तळघरांत पोचवायची, तिथे तिच्यावर पाणी तापवायचं आणि ते पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरवायचं. ही व्यवस्था आता म्हातारी झाली होती आणि गॅस जाळणंही बंद करायचं होतं. आमच्या कंपनीने आखलेली योजना अशी, की शहराच्या सांडपाण्यात जी ऊब फुकट वाहून जाते ती काढून घ्यायची, थोडी जमिनीच्या पोटातून घ्यायची, मोठे हीट पंप लावायचे आणि वाफेऐवजी गरम पाणीच गावभर फिरवायचं. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला फ्रिज. मला या योजनेचा अभिमान होता, अजूनही आहे, हे आधीच सांगून टाकते.

अडचण एकच होती. हीट पंपाचं पाणी जुन्या पाण्याइतकं कढत नसतं. नव्या, घट्ट बांधलेल्या इमारतींना ते पुरतं, जुन्या आणि फटींच्या इमारतींना मोठे रेडिएटर आणि नव्या खिडक्या लागतात. त्यासाठी सरकारी अनुदान होतं, पण सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं. मग कोणाला द्यायचं हे ठरवण्यासाठी आम्ही चाचणी ठेवली. ऐन हिवाळ्यात काही आठवडे प्रत्येक जुन्या इमारतीतलं पाणी मुद्दाम कमी तापवायचं आणि तिच्यातल्या सगळ्यात गार घरात तापमान मोजणारी डबी लावायची. ते घर गारठलं, तर इमारतीला रेडिएटर मिळणार. उबदार राहिलं, तर आहे तेच चालवायचं.

तळ्याच्या बाजूला, पाईपाच्या शेवटच्या टोकाला ज्येष्ठ नागरिकांची एक इमारत आहे. तिची पाहणी माझ्याकडे आली. सगळ्यात गार घर कुठलं हे विचारायचीही गरज नव्हती. वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या कोपऱ्यात, दोन भिंती तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याला दिलेलं. इमारतीचा व्यवस्थापक जिना चढता चढता म्हणाला, तिथे तुमच्याकडच्याच एक बाई राहतात. इथे असं म्हटलं की कोण निघेल सांगता येत नाही, कधी ढाक्याच्या तर कधी काठमांडूच्या. दार उघडलं तर आतून फोडणीचा वास आला आणि एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझ्या छातीवरच्या ओळखपत्रावरचं आडनाव चष्मा वर करून वाचलं.

"मराठी आहेस नं? मग बाहेर काय करून राहिली? आत ये."

काकू नागपूरकडच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलं, मग मुलाची नोकरी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला गेली आणि काकू इथेच राहिल्या. तिकडच्या घरात त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. इथे खाली बस होती, ग्रंथालय होतं, इमारतीत म्हाताऱ्यांचा गोतावळा होता. मुलगा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा आणि न चुकता म्हणायचा, "आई, इकडे ये ना यार." आईला यार म्हणणाऱ्या मुलाकडे मी जाणार नाही, असं त्या मला हसत सांगत.

सांडपाण्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं. "शी! म्हणजे गटाराचं पाणी माझ्या खोलीत?"

"पाणी नाही हो काकू, फक्त ऊब. पाणी पाण्याला शिवतसुद्धा नाही."

"मग सोवळ्यातलं आहे म्हण की," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

मी डबी भिंतीवर लावली. काडेपेटीहून थोडी मोठी, पांढरी, एक हिरवा दिवा लुकलुकणारी. ती काय करते, आकडे माझ्या ऑफिसात कसे येतात हे सगळं नीट, मराठीत समजावलं. पाणी कमी तापेल, थोडं गार वाटेल हेही सांगितलं. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बोलले. "काकू, तुम्ही काही वेगळं करायचं नाही. नेहमीसारखं चालू द्या."

काकूंनी डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. समजूतदारपणे मान हलवली. "कळलं मला. तू काही काळजी करू नको."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपल्या भाषेत समजावता आलं की काम किती सोपं होतं, असं मी गाडीत बसताना मनाशी म्हटल्याचं आठवतं.

चाचणी सुरू झाली. इतर इमारतींच्या रेघा पडद्यावर घसरत गेल्या, काही तर धाडकन खाली आल्या. काकूंच्या घराची रेघ मात्र जागची हलली नाही. बाहेर तळं गोठलं होतं, गाड्यांची दारं बर्फाने चिकटत होती, आणि त्या कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये छान, सपाट, सुखवस्तू ऊब. मी दोनदा डबीची तपासणी केली, ती बिघडली नव्हती. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर मुंबईचा, माझ्याहून लहान पण माझ्याहून शांत. तो म्हणाला, "जुन्या विटांच्या बिल्डिंग्ज असतात अशा. सरप्राइज करतात." तक्रारींच्या रकान्यातही त्या इमारतीपुढे काही नव्हतं. म्हाताऱ्यांची इमारत आणि एकही तक्रार नाही, याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं होतं. पण अहवाल द्यायची घाई होती आणि चांगल्या बातमीला कोणी फार उलटतपासणी करत नाही. अहवाल गेला, अनुदान वाटलं गेलं, दुसऱ्या इमारतींना रेडिएटर आणि खिडक्या मिळाल्या. रस्ते उकरून नवे पाईप घातले गेले.

दिवाळीनंतर आम्ही शिकागोला गेलो होतो. येताना तिथल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून काकूंसाठी साबुदाणा आणि थालीपिठाची भाजणी आणली. ती द्यायला गेले तर काकू खुशीत होत्या. चहा करता करता त्यांनी विचारलं, "मग, आता नवं पाणी सुरू होणार नं? साहेब परत येणार का?"

"कुठले साहेब?"

"अगं तेच, तुझी ती डबी. मी साहेबच म्हणायची त्याला. येणार असतील तर आधी सांग बाई, म्हणजे तयारीला लागते. मागच्या खेपेला कशी बडदास्त ठेवली होती मी साहेबांची! एकदा तरी थंडी वाजू दिली का?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "काकू, काय केलं होतंत तुम्ही?"

मग त्यांनी सांगितलं, अगदी हौसेने, शाळेच्या गॅदरिंगची गोष्ट सांगावी तसं. सकाळी उठल्या की ओव्हन लावून त्याचं दार उघडं टाकायचं. शेगडीवर मोठ्या पातेल्यात दिवसभर पाणी उकळत ठेवायचं. खिडक्यांच्या फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबायच्या. रात्री झोपायचं ते त्याच खोलीत, डबीच्या भिंतीशी, आणि मधे जाग आली की ओव्हन चालू आहे ना बघायचं. खालच्या मजल्यावरची रशियन आजी गारठून तक्रार करायला निघाली होती, तिला जिन्यात गाठून काकूंनी हातवारे करत समजावलं, की आमच्या मुलीचं काम आहे, थोडे दिवस कळ काढ. इमारतीतल्या सगळ्यांना त्यांनी तसंच सांगितलं होतं. म्हाताऱ्यांनी ऐकलं, कारण काकूंचं ऐकायचं नाही हे त्या इमारतीत कोणाला जमत नाही.

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "नेहमीसारखं चालू द्या म्हणून सांगितलं होतं!"

काकू हसल्या. "अगं, साहेब नेहमी असंच म्हणतात. माझी उभी नोकरी तपासण्यांत गेली. साहेब येतात, खुर्चीत बसतात आणि म्हणतात, नेहमीसारखं चालू द्या. ज्या शाळेने खरंच नेहमीसारखं चालू दिलं, तिचं अनुदान गेलं. आम्ही भिंती सारवायचो, हुशार पोरं पुढे बसवायचो, दुसऱ्या शाळेतून नकाशे मागून आणायचो. आपल्या माणसाची तपासणी आहे म्हटल्यावर मी हात बांधून बसेन का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणावर ते मात्र कळेना. मी त्यांना सांगितलं, जरा जास्तच स्पष्ट सांगितलं, की इथे उलट होतं. नापास होणाऱ्यालाच अनुदान मिळणार होतं. तुमचं घर गारठलं असतं तर अख्ख्या इमारतीला नवे रेडिएटर मिळाले असते. आता नवं पाणी याच जुन्या रेडिएटरमधून फिरणार, आणि ते पुरणार नाही.

त्यांना ते पटायला वेळ लागला. "नापास होणाऱ्याला बक्षीस?" त्या म्हणाल्या. "असं कुठे असतं?" मग त्यांनी चहा गाळला आणि माझ्यापुढे ठेवला. आयुष्यभर पोरांना पास करण्यात गेलेली बाई ती. मला त्यांची दया आली, आणि मी आवाज चढवला याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला.

"माय गॉड. माझी आजीपण हेच करेल यार," तो म्हणाला. मग डोळे चोळत बसला. "पण आता काय करणार? रिपोर्ट ॲप्रूव्ह झालाय. फंडिंग अलोकेट झालंय, इतर बिल्डिंग्जमध्ये रेडिएटर लागलेपण. कोणाचे काढून आणायचे?"

"परत चाचणी घेऊ या."

"चाचणीला वाफ कुठे आहे? प्लँट बंद करतायत ते. आता जे पाणी येणार तेच येणार." त्याने तरी प्रयत्न केला, हे मला मान्य करायला हवं. शहराच्या ऑफिसात फोन केला, पत्र लिहिलं, माझ्यासमोर लिहिलं. उत्तर आलं, की प्रत्यक्ष वापरातला पुरावा असेल तर पाठवा, विचार करू.

पुरावा. म्हणजे पुन्हा डबी. म्हणजे कडाक्याच्या थंडीत मला काकूंच्या दारात जाऊन सांगायचं होतं, की आता ओव्हन लावू नका, पाणी उकळू नका, फटींतल्या चिंध्या काढा आणि गारठून बसा. ऊब मिळावी म्हणून म्हाताऱ्या बाईला थंडीत बसवायचं. माझ्या सगळ्या शिक्षणाने मला आणून सोडलं ते इथे.

नवं पाणी सुरू झालं होतं. मी गेले तर काकूंनी स्वेटरवर स्वेटर घातला होता आणि कानाला मफलर. रेडिएटरला हात लावला. तो कोमट होता, ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखा. प्लगचा हीटर लावायला इमारतीत बंदी, जुन्या वायरिंगमुळे सगळ्या मजल्याचा फ्यूज उडतो. मी डबी काढली तसा काकूंचा चेहरा उजळला.

"आले का साहेब!"

"काकू, या वेळी खरंच काही करायचं नाही. अगदी काही नाही. तुमचं घर गार आहे हे त्यांना दिसू दे."

"नापास व्हायचंय नं? होते मी." त्यांनी लगेच कंबर कसली. "आता बघ तू, कशी सपाटून नापास होते."

आणि त्या झाल्या. पडद्यावर मी रोज बघत होते. रेघ खाली, आणखी खाली. स्वयंपाकाच्या वेळी एक छोटासा उंचवटा यायचा, तोही काही दिवसांनी यायचा बंद झाला. मी घाबरून फोन केला. काकू म्हणाल्या, शेगडी लावली की साहेबांना ऊब लागते, म्हणून मी खालच्या आजीकडे जाऊन वरण-भात लावते. मी म्हटलं, "काकू, स्वयंपाक करा हो घरात, तेवढं चालतं." त्या म्हणाल्या, "नको, उगाच कोणाला बोलायला जागा नको." मला फोनवरच रडू आलं. त्यांना कळू नये म्हणून मी खोकल्याचं निमित्त केलं, तर त्यांनी मला सुंठ घ्यायला सांगितली.

मी आकडे पाठवले. इतके स्पष्ट आकडे मी माझ्या नोकरीत क्वचित बघितले असतील. मॅनेजरने वर दोन ओळी जोडल्या. मग आम्ही वाट बघत बसलो. उत्तर आलं ते अतिशय सभ्य होतं. आकड्यांबद्दल आभार मानले होते, रहिवाशांच्या गैरसोयीबद्दल खेद होता. मात्र सदर इमारतीचं काम पूर्ण झालेल्या कामांत धरलं गेलं असल्यामुळे पुढचं अनुदान आल्यावर तिचा विचार केला जाईल. ते कधी येईल, येईल का, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. मी कोणाशी भांडणार? कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी पैसे खाल्ले नव्हते. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, काकूंनी तर दोनदा. मी हात टेकले.

सांगायला मी स्वतः गेले. काकूंनी दार उघडताच विचारलं, "लागला का निकाल?"

मी सांगितलं.

"म्हणजे पास झाले तरी नाही, अन् नापास झाले तरी नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "असू दे गं. कशाला टेन्शन घेऊन राहिली? पुढच्या वर्षी परत बसशील."

परीक्षा माझी होती, हे त्यांच्या मनातून अजूनही गेलेलं नाही. मी डबी काढायला खुर्चीवर चढले, तर त्यांनी मला थांबवलं.

"राहू दे नं साहेबांना. तो हिरवा दिवा दिसला की बरं वाटतं. कोणी तरी बघून राहिलं आहे म्हणून."

डबी तिथेच राहिली. कागदोपत्री तिचा आता काही उपयोग नाही. मॅनेजरला माहीत आहे, तो विचारत नाही. मुलाने क्युपर्टिनोहून तिकीट पाठवलं होतं, काकूंनी ते कॅन्सल करायला लावलं. खालच्या आजीला एकटं टाकून कसं जाऊ, असं त्यांचं म्हणणं. मी सकाळी कॉम्प्युटर उघडला की आधी त्यांच्या घराची रेघ बघते. ती खालीच असते; पहिल्या चाचणीचं गॅसचं बिल आल्यापासून काकू रोज ओव्हन लावत नाहीत. बघण्यापलीकडे मला काही करता येत नाही, आणि बघायचं सोडताही येत नाही.

हल्ली एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. मी आज येते असा फोन केला, की थोड्याच वेळात ती रेघ वर चढायला लागते. काकूंनी ओव्हन लावलेला असतो.

परवा मी अशीच गेले. खोली उबदार होती. स्वेटर, मफलर कुठेच दिसत नव्हते. काकू सुती साडीत, उघड्या हातांनी पोहे परतत उभ्या होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता काही थंडी नाही वाजत. तू उगाच जिवाला लावून घेतलंस."

"हो काकू," मी म्हटलं. "छान ऊब आहे." पोहे खाल्ले, चहा घेतला, मुलाची चौकशी केली. निघताना त्या जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. लगबगीने परत आत वळल्या तेव्हा त्या पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेत होत्या.

खाली गाडीत बसून मी फोन उघडला. रेघ खाली यायला लागली होती.